पहिला हादरा बसून गेलेल्या जुन्या घराचे काय करायचे?

प्रश्न थोडक्यात असा: हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात जुने घर आहे. समोरचे दोन खण दगड-मातीचे आणि वर माळवद (लाकडावर मातीचे सपाट छत), मागे विटांच्या दोन खोल्या आणि पत्रे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६:०८ ला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ चा. माळवदाच्या खोलीत कोपऱ्यात उभी भेग आहे, बाहेरची भिंत फुगल्यासारखी वाटते. यापेक्षा मोठा धक्का येईल का? घरात राहावे का? दुरुस्ती करावी की पाडून स्लॅब टाकावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. ‘आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप’ असे जे निरोप मोबाइलवर फिरतात ते खोटे असतात, कारण तारीख-वेळ सांगण्याची पद्धत जगात कुठेही नाही. ढोबळ शक्यता मात्र सांगता येते. मोठ्या धक्क्यानंतरचे धक्के दिवसागणिक झपाट्याने विरळ होतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा धक्का मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ ने लहान असतो. अनेक प्रदेशांच्या नोंदी पाहिल्या तर वीसांतून सुमारे एकदाच पहिल्यापेक्षा मोठा धक्का मागून येतो. मार्चमधला ३.६ चा धक्का या हिशोबात बसतो; ४.५ च्या तुलनेत त्याची ऊर्जा सुमारे बाविसाव्या हिश्श्याएवढी होती. जुलैचा धक्का तसा बसत नाही. चार महिन्यांनी तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा आला, म्हणजे ही धक्क्यांची मालिका आहे. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून येणारे आवाजही काही वर्षांपासूनचे आहेत. अशा बहुतेक मालिका हळूहळू विरून जातात. किल्लारीची विरली नाही. तिथे १९९२ च्या ऑक्टोबरात जमीन हलत होती, मग शांतता झाली, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. औसा, उमरगा भागात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. हिंगोलीत तसेच होईल असा याचा अर्थ नाही. पण ‘आता शांत झाले, म्हणजे संपले’ असेही मानता येत नाही.

म्हणून निर्णय पुढच्या धक्क्याच्या अंदाजावर टाकू नका. घर आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, त्यावर ठरवा.

जोडीने आलेल्या भूकंपांत हेच पुन्हा पुन्हा दिसले आहे. जपानच्या कुमामोटोत १४ एप्रिल २०१६ च्या रात्री ६.२ चा धक्का बसला. तोच मुख्य भूकंप समजून बरेच लोक घरी परतले आणि अठ्ठावीस तासांनी ७.० चा आला. पडझडीत गेलेल्यांपैकी बहुतेक जण या दुसऱ्या धक्क्यात गेले. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ७.८ आणि त्याच दुपारी ७.५, पहाटे तडे जाऊनही उभ्या राहिलेल्या मालात्या शहरातल्या अनेक इमारती दुपारी कोसळल्या. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचे उदाहरण आपल्याला जास्त लागू पडते, कारण तिथे दुसरा भूकंप लहान होता. सप्टेंबर २०१० मध्ये ७.१, शहरापासून दूर. त्यात कोणी इमारतीखाली सापडून गेले नाही. २२ फेब्रुवारी २०११ ला भर दुपारी ६.२ चा, पण उथळ आणि जवळपास शहराखालीच. १८५ लोक गेले. त्यांतले ११५ एकाच इमारतीत होते, आणि ती इमारत पहिल्या भूकंपानंतरच्या झटपट पाहणीत वापरायला योग्य ठरली होती. तीव्रतेचा आकडा भूगर्भात किती ऊर्जा सुटली ते सांगतो. तुमच्या भिंतीला किती झटका बसेल हे अंतर, खोली, खालची माती आणि भिंतीत आधीच शिरलेली कमजोरी यांवर ठरते.

दगड-मातीची भिंत दुसऱ्या धक्क्यात का जाते

मराठवाड्यातली जुनी भिंत बाहेरून दोन-अडीच फूट जाड आणि भक्कम दिसते. प्रत्यक्षात तिचे दोन पदर असतात. बाहेरून घडीव किंवा अर्धवट घडीव दगड, आतून तसाच दुसरा थर, आणि मधे गोटे-खडी-माती यांचा भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड बहुतेक घरांत नसतात, कारण तेवढा लांब दगड महाग पडतो आणि गवंड्याला तो उचलायला दुसरा माणूस लागतो. पहिल्या हादऱ्यात मधला भर खाली दबतो आणि पाचरीसारखा दोन्ही पदरांना बाहेर ढकलतो. भिंतीने पोट काढले म्हणतात ते हेच. हादरा थांबला तरी पाचर तिथेच राहते, त्यामुळे पुढच्या हादऱ्याला कमी जोर पुरतो. बाहेरचा पदर रस्त्यावर पडतो, आतला खोलीत.

वरच्या माळवदाचा भार तर बहुतेकांच्या अंदाजापलीकडचा असतो. दरवर्षी गळतीवर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकत गेल्याने जाडी दीड फूट आणि कुठे कुठे त्याहून जास्त होते. दीड फूट मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे पाऊण टन भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर सात टन. हे सगळे कोरड्या मातीचे. जुलैचा धक्का पावसाळ्यात आला, तेव्हा छतावरची माती ओली होऊन जड झालेली आणि भिंतीतली माती ओलीने ढिली झालेली. म्हणून मार्चइतक्याच तीव्रतेच्या धक्क्यात काही घरांना जास्त तडे गेले तर त्यात नवल नाही.

या घरांत एक मोलाची गोष्टही असते: लाकडी खणाचा सांगाडा. किल्लारी भागात कित्येक घरांच्या भिंती पडल्या, पण खांब आणि तुळयांनी छत तोलून धरले. मात्र खांब सुटा दगडावर ठेवलेला असतो आणि वरचा सांधाही नुसता बसवलेला असतो. सांधे कुजलेले नसतील आणि खांब-तुळई एकमेकांना आडवे-तिरके बांधून घेतले, तर हा सांगाडा जीव वाचवतो. भिंतीतच तुळईचे टोक टेकवलेले असेल, खांब नसेल, तर तो आधार नाहीच.

मधल्या वेळात काय करायचे

धक्का थांबला की बाहेर पडून मोकळ्या जागी थांबा. गावठाणातल्या बोळातली मोकळी वाटणारी जागा खरोखर मोकळी असतेच असे नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या उंचीइतके अंतर हवे. बाहेर पडताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा, पण तेवढ्यासाठी परत आत जाऊ नका. दागिने, कागदपत्रे, मोबाइलचा चार्जर, काहीही आणायला मधल्या वेळात आत जाऊ नका. मार्चमध्ये मधला वेळ अकरा मिनिटांचा होता.

पत्र्यांवर दगड ठेवलेले असतील तर ते पहिल्याच दिवशी खाली काढा. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने केलेले आवाहनही हेच होते. दहा-पंधरा किलोचा दगड आठ फुटांवरून झोपलेल्या माणसावर पडायला मोठा भूकंप लागत नाही. दगड काढून पत्रे मोकळे सोडले तर वादळात उडतील, म्हणून त्याच आठवड्यात जे-हुकने अँगलला किंवा लाकडाला बांधा. ८ एमएमचे हुक, डांबरी वॉशर, पत्र्याच्या नळीच्या वरच्या भागात भोक. खालच्या पन्हळीत भोक पाडले तर गळते आणि लोक पुन्हा दगड ठेवतात. मागच्या खोल्यांवर पाण्याची हजार लिटरची टाकी असेल तर तो एक टन भार. तडे तपासून होईपर्यंत रिकामी ठेवा.

मग भेगांची नोंद. दुरुस्तीपूर्वी हे नीट केले नाही तर पुढे काहीच कळत नाही, आणि पंचनाम्यालाही पुरावा राहत नाही. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण आणि तारीख घाला, मधे रुंदी मोजून लिहा, शेजारी फुटपट्टी धरून फोटो काढा. मोठ्या भेगेवर दोन ठिकाणी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची बोटभर रुंद पट्टी आडवी लावून तारीख घाला. पट्टी तडकली म्हणजे भेग अजून हलते आहे. ओळंबा सोडून भिंत वरून, मधून, खालून किती सुटते ते तीन ठिकाणी मोजा आणि आठ दिवसांनी पुन्हा मोजा. हातोडीने हलके ठोकल्यावर भदभद पोकळ आवाज आला तर पदर सुटला आहे.

काळ्या मातीवरच्या घरांत एक घोटाळा हमखास होतो. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्यामुळे भूकंपाविनाही भेगा पडतात आणि ऋतूबरोबर उघडमीट करतात. जुन्या भेगेत धूळ, जाळी, रंगाचे ओघळ, मुंग्यांची माती असते. नव्या भेगेच्या कडा धारदार आणि विटेचा आतला रंग ताजा असतो. जुनी भेग नव्याने वाढली असेल तर टोकाशी ताजा आणि मुळाशी जुना असे दोन्ही दिसते.

कोणत्या भेगेला किती भ्यायचे

गिलाव्यातले केसासारखे तडे सोडून द्या. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग विटांच्या भिंतीत ५ एमएमपर्यंत असेल तर ती दुरुस्त होते. तीच फुलीसारखी एकमेकींना छेदणारी आणि आरपार उजेड दिसणारी असेल तर ती भिंत आता भार घ्यायला भरवशाची नाही.

कोपऱ्यातली उभी भेग, जी तुमच्या घरात आहे, ती रुंदीने लहान असली तरी गंभीर मानावी. दोन भिंती एकमेकींना धरून असतात तोवर खोली पेटीसारखी वागते. कोपरा सुटला की प्रत्येक भिंत एकटी पडते आणि पुढच्या हादऱ्यात बाहेरच्या बाजूला आडवी होते. ही भेग वर रुंद, खाली अरुंद असेल तर भिंत झुकायला लागली आहे. त्यात पोटही दिसत असेल, तर त्या खोलीत झोपणे आजपासून बंद. दिवसाही तिचा वापर नको, आणि भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बसणे, गुरे बांधणे, गाडी लावणेही नको.

तुमच्या घरी पक्के छत नाही, तरी शेजारी विचारतील म्हणून सांगतो. आरसीसी घरात खांब आणि भिंत यांच्यामधली उभी फट बहुतेक वेळा भराव्याच्या भिंतीची असते. तिने इमारत पडत नाही, पण साडेचार इंची भिंत आत कोसळू शकते. खांबाच्या डोक्याशी किंवा पायाशी तिरका तडा, काँक्रीट फुटून सळ्या दिसणे, सळी बाहेर वाकणे, यांतले एक जरी दिसले तर सगळी इमारत रिकामी करा. नांदेड-लातूरच्या अपार्टमेंटांत तळमजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर असतो. तिथे पहिल्यांदा हेच खांब बघा.

दुरुस्ती

क्रम असा: आधी टेकू, मग छत हलके, मग भिंतीचे पदर शिवणे, मग पट्टे, सर्वांत शेवटी गिलावा. गिलावा आधी करून तडे झाकण्याची चूक सर्रास होते. त्यामुळे घर जराही मजबूत होत नाही आणि पुढच्या वेळी भेग कुठली नवी ते कळत नाही.

प्रत्येक तुळईखाली दोन टेकू, खाली फळी, वर पाचर. छतावर चार माणसांपेक्षा जास्त नकोत. माती मधोमध ढीग न करता दोन्ही कडांकडून सारखी काढा आणि लगेच खाली टाका. आठ इंचांपर्यंत माती ठेवा. तिच्याखाली जाड प्लॅस्टिक कागद, कडा वर वळवून, आणि पन्हाळीकडे उतार. गळती कागदाने थांबली की दरवर्षी नवा थर टाकायची गरज पडत नाही, आणि भार पुन्हा चढत नाही. माती काढल्यावर फळ्या, सर आणि तुळयांची टोके उघडी पडतात. वाळवी किंवा कूज असेल तर तेवढे लाकूड आत्ताच बदला. खांब-तुळईच्या प्रत्येक सांध्यात दोन्ही बाजूंना तिरके लाकूड, ४५ अंशात, बोल्टने; नुसत्या खिळ्याने नाही, खिळा हादऱ्यात उपटतो.

पदर शिवण्यासाठी आरपार गाठी घालतात. उभ्या-आडव्या सुमारे एक मीटर अंतरावर, एकाआड एक ओळीत अर्धा मीटर सरकवून, सुमारे तीन इंची भोक पाडायचे. दगड छोट्या पहारीने हलवत हलवत काढायचा. घणाने ठोकले तर शेजारचा पदर सुटतो. भोक मधे थोडे अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद ठेवा. त्यात दोन्ही टोके वाकवलेली ८ एमएमची सळी बसवून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट ठासून भरा. दहा दिवस पाणी मारायचे, पण मातीच्या भिंतीवर पाइप सोडू नका. ओले पोते बांधा. एका दिवसात एका भिंतीला दोन-तीनच भोके पाडायची, भरून झाल्यावर पुढची. ठेकेदार सगळी भोके आधी पाडून ठेवायला बघेल, ते होऊ देऊ नका. आणि पोट काढलेला भाग असा शिवता येत नाही. तो टेकू देऊन उतरवायचा आणि तेच दगड वापरून पुन्हा बांधायचा: दर दोन फूट उंचीला आणि चार फुटांच्या आत एक आरपार दगड, जाडी दीड फूट, कोपऱ्यात दगड एकमेकांत अडकवून.

पट्टा म्हणजे दाराच्या वर, आतून-बाहेरून सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारी जाळी. माळवद भिंतीवर टेकत असेल तर छताखाली आणखी एक. सांध्यांतली माती पाऊण इंच खरवडा, भिंत ओलसर करा, १:३ सिमेंट-वाळूचा पहिला थर द्या, त्यावर दहा-बारा इंच रुंद वेल्डेड जाळी आणि दोन ८ एमएमच्या सळ्या, मग दुसरा थर. एकूण जाडी सव्वा ते दीड इंच. जाळीचा जोड किमान एक फूट एकावर एक. कोपऱ्यावर जोड देऊ नका, जाळी वळवून पुढे न्या. मातीच्या सांध्यात खिळा पकड घेत नाही, म्हणून आतली आणि बाहेरची जाळी आरपार सळीने एकमेकींना बांधावीच लागते. नुसत्या खिळ्यांवर लावलेला पट्टा हादऱ्यात साल सुटावी तसा निघतो. कोपऱ्याच्या भेगेवर अशीच उभी जाळी, दोन्ही भिंतींवर निदान एकेक फूट, पायथ्यापासून वरपर्यंत.

विटांच्या खोल्यांतल्या ५ एमएमपर्यंतच्या भेगांना व्ही आकाराची खाच पाडून थोड्या थोड्या अंतरावर प्लॅस्टिकच्या नळ्या बसवा, बाकी भेग बुजवा, आणि सिमेंटचा पातळ लगदा सर्वांत खालच्या नळीतून भरायला सुरुवात करा. वरच्या नळीतून लगदा बाहेर आला की खालची बंद करून वरच्याला लागा. वरून भरले तर आत हवा अडकते. याहून रुंद भेगेवर दोन्ही बाजूंनी सहा इंच जाईल एवढी जाळी आणि १:३ गिलावा.

पाडून स्लॅब टाकावा का

जुन्या दगड-मातीच्या भिंती तशाच ठेवून, माळवद काढून, त्यावर आरसीसी स्लॅब टाकणे ही सध्या गावोगाव दिसणारी सर्वांत घातक सुधारणा आहे. स्लॅब मातीपेक्षा हलका असेलही, पण तो एकसंध असतो. भिंत सरकली की पूर्ण स्लॅब सपाट खाली येतो, आणि खाली पोकळी उरत नाही. खणाचा सांगाडाही त्या कामात काढून टाकलेला असतो. त्यापेक्षा त्याच भिंतींना गाठी आणि पट्टे देऊन वर अँगल-पत्रा बरा.

नवे बांधायचेच असेल तर जोत्यापासून नवे बांधा: नऊ इंची विटांची भिंत, १:६ किंवा त्याहून चांगला मसाला, जोत्याला आणि लिंटेलला (दार-खिडकीच्या वरच्या पातळीला) सलग काँक्रीटचा पट्टा, स्लॅब नसेल तर छताखालीही. पट्टा तीन इंच जाड, दोन १० एमएमच्या सळ्या, सहा इंचांवर ६ एमएमच्या कड्या. दारावर तुटक लिंटेल टाकून मधे सोडून दिला तर तो पट्टा नव्हे. चारही कोपऱ्यांत पायापासून छतापर्यंत १२ एमएमची एक उभी सळी, भोवती काँक्रीट. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट लांब. पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत नेला नाही तर वरचे सगळे दरवर्षी तडकत राहील आणि पुढच्या हादऱ्याआधीच कमजोर होईल. हे तपशील ‘आयएस ४३२६’ आणि दगडी बांधकामासाठी ‘आयएस १३८२८’ या मानकांत आहेत. दुरुस्तीसाठी ‘आयएस १३९३५’. इंजिनिअरला या क्रमांकांनी विचारा आणि सळ्या बांधून झाल्यावर, काँक्रीट पडण्याआधी, त्याला जागेवर बोलवा.

तुमच्या बाबतीत: पुढची खोली आजच रिकामी करा, सामानासकट. धान्याची पोती आणि लोखंडी कपाट माळवदाखाली राहिले तर घरातले कोणी ना कोणी त्यासाठी रोज आत जाईल. मागच्या खोल्यांत भेगा ५ एमएमच्या आत असतील, पत्रे बांधून झाले असतील आणि पुढची भिंत पडली तरी त्या खोल्यांचे दार अडत नसेल, तर तिथे राहायला हरकत नाही. दार अडत असेल तर मागच्या भिंतीत दुसरे दार आधी काढा, लिंटेल टाकून, आणि मगच बाकीच्या कामाला हात घाला.